पोलिसांविरुद्ध तक्रार कुठं करायची? विश्रामबागेतलं शिबिर: पाचपैकी तीन

सांगलीत विजयनगरला कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. "ताई, पोलिसांनीच मारलंय, अर्ज कुणाच्या नावानं करू?" असं विचारत माणसं येतात. म्हणून पोलीस तक्रार प्राधिकरणाची माहिती द्यायचं शिबिर आहे म्हटल्यावर शटर ओढलं आणि गेले. भरवणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढं थोडं टोचून लिहिलंय.

आधी शाल-नारळ, मग दीपप्रज्वलन, मग माइकची खरखर. ते सोडून देऊ.

वकीलसाहेब मात्र चांगलं बोलले. सुप्रीम कोर्टानं २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं की असं प्राधिकरण राज्यात हवं आणि जिल्ह्यातही हवं. आपल्याकडं २०१४ ला पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली, पण जिल्ह्याऐवजी विभाग आला. म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर सगळे पुण्याला. मार्केट यार्डातला एक हमाल उठून म्हणाला, "साहेब, मार बी आमीच खायचा आन खाडा बी आमीच करायचा व्हय?" यावर अर्ज टपालानं पाठवा, एवढंच उत्तर मिळालं. सुनावणीच्या तारखांचं काय, ते राहूनच गेलं.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथं चालतात. कोठडीतला मृत्यू म्हटल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली, "आंबोली". २०१७ ला इथल्या पोलीस कोठडीत अनिकेत कोथळे गेला आणि त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला, ते सांगली विसरलेली नाही. स्टेजवरून तो विषय कुणी काढला नाही, आणि मला ते खटकलं.

शिबिराला तीन गुण दिले ते कोपऱ्यातल्या टेबलामुळं. लॉ कॉलेजची एक पोरगी वही घेऊन बसली होती. एक मावशी आल्या, 'पोलिसांनी लई तरास दिला' असं लिहिलेला कागद घेऊन. पोरीनं तो बाजूला ठेवला आणि विचारायला लागली. तारीख? किती वाजता? कुठलं ठाणं? बक्कल नंबर बघितला का? दवाखान्याचा कागद आहे का? ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा म्हणून आजच अर्ज द्या, नंतर पुसलं जातं, हेही तिनंच सांगितलं. दहा-बारा ओळींत अर्ज उभा राहिला. मी रोज हेच काम करते, तरी फुटेजचं कलम माझ्या नमुन्यात नव्हतं, आता घातलंय.

पत्रकावर मात्र अक्षर मुंगीएवढं, भाषा 'उपरोक्त' आणि 'तद्नंतर'ची, अन् प्राधिकरणाचा पत्ता नेमका घडीत गेलेला. शिवाय माझ्याकडं सगळ्यात जास्त येतात ते 'एफआयआरच घेत नाहीत' म्हणणारे. त्यांनी आधी एसपींना लेखी द्यायचं, पोच जपायची, तिथंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जायचं. हे स्टेजवरून कुणी बोललं नाही. अर्धा हॉल त्यासाठीच आला होता.

पुढचं शिबिर यार्ड सुटल्यावर संध्याकाळी ठेवा. शाली कमी आणा, टेबलं चार लावा. झेरॉक्स मी फुकट देते.