हिजरी तारखांच्या लायब्रऱ्या आठ महिने वापरून : सगळा जीव एका दिवसात अडकलाय

परवा पानिपतची लढाई मंगळवारी झाली. म्हणजे आमच्या पडद्यावर झाली. मी एक कसोटीची ओळ ठेवलेली आहे : हिजरी तारीख छ ७ जमादिलाखर ११७४ (छ म्हणजे महिन्यातला दिवस) टाकली की बुधवार, १४ जानेवारी १७६१ यायला हवं. परवा १३ जानेवारी आलं. आठ महिने नीट चालणारं काम अचानक एक दिवस मागे सरकलं, आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली. त्या रागातच हे लिहितोय.

काम साधं वाटेल असं आहे. मराठेशाहीतली मोडी पत्रं लिप्यंतर करून ठेवायची, आणि पत्रावरच्या तारखेवरून इंग्रजी तारीख आपोआप काढायची. हिजरी पंचांग म्हणजे मुसलमानी चांद्र पंचांग, महिने २९-३० दिवसांचे, वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरतो.

सुरुवात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेपासून केली, कारण तिथे हिजराहडेट, म्हणजे हिजरी तारखांचा तयार कोड (असल्या कोडालाच लायब्ररी म्हणतात), आयतं मिळतं, फुकट मिळतं. पहिलंच पत्र ११७४ सालचं. थेट एक्सेप्शन : तारीख मर्यादेबाहेर. शोधलं तर कळलं, त्यामागे उम्म अल-कुरा या सौदी अरेबियाच्या सरकारी पंचांगाचा तक्ता आहे आणि तो हिजरी १३०० ते १६०० एवढाच. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं उम्म अल-कुरा नावाचं कॅलेंडर १३१८ ते १५००. पायथनची हिजरी लायब्ररी १३४३ पासून पुढे. आमची पत्रं हिजरी बाराव्या शतकातली, म्हणजे तिन्ही घरांत आम्हाला ओसरीसुद्धा नाही. तेव्हा मी जावाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग इंटलकडे, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेल्या तारखा दाखवण्याच्या सोयीकडे वळलो. त्याला १४ जानेवारी १७६१ दिली, कॅलेंडर 'इस्लामिक-उम्मलकुरा' सांगितलं, आणि त्याने मुकाट्याने ७ जमादिलाखर ११७४ दाखवलं. मी खूश. दोन महिने हाच मोठा शोध मिरवत होतो. तक्रार एकच होती, की इंटल फक्त इंग्रजीवरून हिजरी दाखवतं, उलटं करत नाही. त्यासाठी अंदाजे दिवस धरून, जुळेपर्यंत एकेक दिवस पुढे-मागे सरकवणारा लूप लिहावा लागला. दिसायला गावठी, पण चालतो.

इथे माझं मत फिरलं. तक्त्याच्या बाहेरचं साल आलं की इंटलच्या खालची आयसीयू लायब्ररी गुपचूप अंकगणिती 'सिव्हिल' पद्धतीवर, म्हणजे ठरावीक चक्राने दिवस मोजण्यावर, जाते. ना सूचना, ना इशारा. पाटी उम्म अल-कुराची, माल दुसरा. जावाने निदान तोंडावर 'येत नाही' म्हटलं होतं. शिव्या परत घेतल्या.

मधल्या काळात एका सशुल्क वेबसेवेची महिनाभराची वर्गणीही भरून बसलो. (पैसे माझ्या खिशातून.) तीही ११७४ सालाला 'उम्म अल-कुरा' असं छापून उत्तर देत होती. मदतकेंद्राला विचारलं, हा तक्ता तुम्हाला कुठे मिळाला? तीन मेलनंतर उत्तर : आमचे निकाल अचूक आहेत. वर्गणी परत मिळणार नाही, हेही त्याच मेलमध्ये. पुढच्या महिन्यात चाळीस ओळी स्वतः लिहिल्या, तेव्हापासून खर्च शून्य.

त्या चाळीस ओळींत आहे काय? तीस वर्षांचं चक्र, त्यात ११ वर्षं ३५५ दिवसांची, एकूण १०,६३१ दिवस. ती अकरा कोणती यावरही एकमत नाही. कुणी सोळावं वर्ष घेतं, कुणी पंधरावं. आणि गणना कुठून सुरू करायची? 'सिव्हिल'मध्ये शुक्रवार, १६ जुलै ६२२ (जुन्या जुलियन पंचांगाने), 'टीबीएलए' या तशाच दुसऱ्या पद्धतीत आदला गुरुवार. परवाचा घोळ हाच. पडताळणीसाठी ठेवलेल्या इंटलच्या ओळीत कुणीतरी 'सिव्हिल' खोडून 'टीबीएलए' लिहिलं होतं आणि तोच निकाल पडद्यावर जोडला होता. का, तर म्हणे नाव जास्त शास्त्रीय वाटलं.

आता कुणी म्हणेल, एका दिवसाचं काय एवढं. खरं सांगायचं तर 'सिव्हिल'सुद्धा खरं असेलच असं नाही. पत्र लिहिणाऱ्याचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू व्हायचा. त्या महिन्यात अमावस्या ६ जानेवारीला दुपारी संपली. चंद्रकोर ७ च्या संध्याकाळी दिसली असेल तर लढाईच्या दिवशी छ ७, आणि ८ ला दिसली असेल तर छ ६. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार हे पक्कं आहे म्हणून निभावतं. त्यातही दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्री लिहिलेल्या पत्राचा हिशेब आणखी वेगळा. या बाबतीत डॉटनेटचं जुनं हिजरीकॅलेंडर मला भलतंच आवडलं. त्यात उणे दोन ते अधिक दोन दिवसांची दुरुस्ती देण्याची सोयच आहे. मीही माझ्या कोडात तसा खुंटा ठेवलाय, आणि पत्रात वार असेल तर तो जुळेपर्यंत पिळतो.

पण एक गोष्ट कुठलीच लायब्ररी करत नाही. आपल्या पत्रांत महिना-दिवस हिजरी, आणि साल मात्र सुहूर, तेही अरबी शब्दांत. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१. हे साल सौर, मृगाला बदलणारं. म्हणून सुहूर ११६१ मध्ये हिजरी ११७३ चं शेपूट आणि ११७४ चा बराचसा भाग येतो. शब्दांचं कोष्टक सहज झालं. महिन्यांची नावं जमवायला मात्र आठवडा गेला, कारण लेखनिकांनी जमादिलाखर इतक्या तऱ्हांनी लिहिलाय की विचारू नका.

माझा जीव खाल्ला तो अकरा दिवसांनी. सौर साल चांद्र सालापेक्षा अकरा दिवसांनी मोठं, म्हणून प्रत्येक सुहूर सालात साधारण अकरा हिजरी तारखा दोनदा येतात. माझा लूप पहिली जुळलेली तारीख घेऊन मोकळा व्हायचा. 'छ २२ सव्वाल, इहिदे सितैन' अशी एक नोंद त्याने ७ जून १७६० वर टाकली. तीच तारीख २७ मे १७६१ लाही येते. एक पानिपतच्या आधी, एक नंतर! आणि पत्र आहे बैलांच्या दाणावैरणीचं. त्यात युद्धाचा शब्द नाही, वारही नाही.

परवाच्या संध्याकाळी 'सिव्हिल' परत बसवलं, कसोटीची ओळ बुधवारवर आली. कॅलेंडरचं नाव आता एकाच जागी ठेवलंय आणि ते बदललं तर प्रोग्राम सुरूच होत नाही. तारखेच्या रकान्यात दोन उत्तरं मावतील अशी सोयही केली. त्या बैलांच्या पत्रासमोर सध्या दोन्ही तारखा उभ्या आहेत.