घर्मग्रंथींच्या साध्या गाठींचा स्लाइड बॉक्स : सिरिंगोमासाठी घ्या, बाकीच्या तपासून घ्या

एमडी पॅथॉलॉजीच्या मुलांना शिकवायला घामाच्या ग्रंथींच्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठींच्या स्लाइड्सचा हा तयार बॉक्स मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानातून घेतला. माझ्याकडच्या जुन्या स्लाइड्सवर इओसिन या रंगद्रव्याचा गुलाबी रंग शोधावा लागतो. त्या मानाने हा माल चांगलाच.

सिरिंगोमा या घर्मनलिकेच्या गाठीची एकच स्लाइड निम्मे पैसे वसूल करते. खालच्या पापणीचा तुकडा आहे. दहाच्या लेन्सवर डर्मिसच्या (त्वचेच्या आतल्या थराच्या) वरच्या भागात बारीक नळ्या, भोवती दाट कोलॅजन. काही नळ्यांना एका बाजूला शेपूट, म्हणजे व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारला जाणारा टॅडपोल, बेडकाच्या पिल्लासारखा आकार. चाळीसवर गेलं की भिंतीतले पेशींचे दोन थर दिसतात, पोकळीत गुलाबी स्राव. न्यूक्लियस एकसारखे, मायटोसिस (पेशीविभाजन) नाही.

पण खरी गंमत खाली आहे. छेद थेट पापणीतल्या ऑर्बिक्युलॅरिस स्नायूपर्यंत उतरलाय. त्वचेचा वरवरचा पापुद्रा काढलेल्या शेव्ह बायोप्सीत मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा हा कर्करोगही अगदी असाच दिसू शकतो. तो खोल घुसतो, नर्व्हभोवती शिरतो. इथे नळ्या वरच थांबल्यात, खालचा स्नायू स्वच्छ. मुलांना हे फळ्यावर कितीही सांगा, लेन्सखाली बघितल्याशिवाय पटत नाही. सिरिंगोमाचा मधुमेहाशी जोडला जाणारा क्लिअर सेल (फिकट पेशींचा) प्रकारही दिला असता तर मधुमेहाचा विषय आपसूक निघाला असता.

पोरोमा ही पुढची गाठ तळव्याची, ठीकठाक. एपिडर्मिसला (त्वचेच्या बाहेरच्या थराला) जोडून खाली उतरणाऱ्या लहान, एकसारख्या पेशी आणि शेजारच्या केराटिनोसाइट्सशी (त्या थराच्या नेहमीच्या पेशींशी) त्यांची ठळक सीमा, दोन्ही नीट दिसतं.

तिसरी गाठ सिलिंड्रोमा, डोक्याच्या त्वचेचा. पेशींची बेटं एकमेकांत चपखल बसलेली, प्रत्येकाभोवती जाड हायलिन (काचेसारखी एकसंध गुलाबी) पट्टी, कडेला लहान गडद पेशी, आत मोठ्या फिकट. मात्र ती पट्टी पीएएस या खास रंगावर जशी खुलते तशी एच अँड ई या नेहमीच्या रंगावर नाही, आणि पीएएसची जोडस्लाइड नाही. दुकानदाराला विचारलं तर उत्तर, ‘‘मॅडम, ऑर्डर दिलीत तर मागवून देतो.’’ एवढ्या किमतीत ती बॉक्समध्येच हवी!

स्पायरॅडिनोमा या शेवटच्या गाठीच्या स्लाइडमध्ये कव्हरस्लिपखाली (वरच्या पातळ काचेखाली) हवेचा बुडबुडा, तोही नेमका गाठीच्या मधोमध. पेशींमध्ये विखुरलेले लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दाखवायचे ते कुठे? बदलून दिली, पण बरीच हुज्जत घातल्यावर. लेबलवर गाठीची शरीरातली जागा लिहिलीय, रुग्णाचं वय-लिंग नाही. शिकवताना फार अडतं.

पेटी लाकडीच मागा. प्लास्टिकच्या पेटीच्या खाचा सैल आहेत, मरीन लाइन्सहून संध्याकाळच्या लोकलमध्ये चढलात तर काचा वाजत येतात.