नोंदणी विवाह: विवाह अधिकारी कार्यालयाची सेवा

काम स्वस्त आणि पक्कं, पण थाटमाटाची अपेक्षा ठेवू नका. विशेष विवाह कायदा, 1954 नुसार दोघांपैकी एक जण नोटिशीच्या (लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला दिलेली लेखी सूचना) आधी किमान 30 दिवस त्याच जिल्ह्यात राहिलेला लागतो. अर्ज अडकतो तो इथेच: आधार गावचं, राहणं भाड्याच्या खोलीत. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा. नोटीस 30 दिवस फलकावर असते, त्यामुळे घरच्यांपासून लपवायचं असेल तर अवघडच! नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार तीन, मूळ ओळखपत्रांसह; ऐनवेळी एखादा गळतो, म्हणून चौथ्यालाही सांगून ठेवा. सही करण्याआधी नावाची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून पाहा, नाहीतर व्हिसाच्या वेळी अडेल. हार आपलेच न्या.