स्मोकरच्या परातीत पाणी की रेती?

भाच्यानं जुना ड्रम कापून स्मोकर (धुरावर मंद आचेनं मटण शिजवायची भट्टी) बनवला अन् विचारलं, "मामा, कोळशावरच्या परातीत पाणी ठेवू का रेती?"

खरा फरक आचेचा. पाणी १०० अंशांवर उकळतं, वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं; म्हणून ड्रममधली आच ११०-१२० च्या आसपास राखणं नवख्यालाही जमतं. पण त्यापायी कोळसा जास्त जातो, अन् परात मधूनमधून पाहावी लागते. आटली की आच चढलीच! रेतीला हा धाक नाही, कोळसाही कमी. मात्र एकदा जास्त तापली की लवकर उतरत नाही, म्हणून हवेची झडप आधीपासूनच आवळून ठेवायची.

वाफेनं मटण रसाळ होतं म्हणतात. माझ्या मते ते मंद आचेचं काम. वाफेनं वरून ओलं राहून धूर चांगला धरतो, एवढं खरं. कोंबडीची कातडी मात्र लिबलिबीत होते.

रेती नाल्याची असली तर धुऊन, उन्हात कडक वाळवून घ्यावी. वर फॉइल हवीच, नाहीतर चरबी मुरून पुढच्या खेपेला खवट वास.

पहिलीच खेप अन् बकऱ्याची रान (मांडी) असेल तर पाणी. कोंबडी असेल, किंवा मे महिन्यात गाव टँकरवर असेल, तर रेती.