सिल्व्हरफेस प्रिन्स्टन रिव्हर्ब पुण्यात वापरताना

फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिन्स्टन रिव्हर्ब हा इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प १९६४ साली बाजारात आला आणि १९६८ पासून त्याचे काळे पॅनेल जाऊन चंदेरी पॅनेल आले. माझ्याकडचा अ‍ॅम्प सत्तरच्या दशकातला, चंदेरी पॅनेलचा असून अमेरिकेतून कायमचे परतलेल्या एका नातेवाइकांनी तो घरसामानासोबत आणला होता. दहा इंची एक स्पीकर, पॉवरसाठी ६व्ही६ जातीच्या दोन ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह), एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या जागीही ट्यूबच, आणि ताकद जेमतेम १२ ते १५ वॅट. फ्लॅटमध्ये एवढीही अंमळ जास्तच होते. कित्येक महिन्यांच्या नियमित वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, या अ‍ॅम्पच्या ज्या सुधारणांची सर्वत्र चर्चा असते त्यांच्यापेक्षा आपल्याकडची वीज आणि पावसाळी हवा यांचा बंदोबस्त आवाजात कितीतरी जास्त फरक पाडतो.

आधी विजेचे. अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. २३० चे ११५ करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की काम भागले, असे दुकानदार सांगतात. पण स्टेपडाउन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नव्हे. तेवढ्याच व्होल्टेजला ६० ऐवजी ५० हर्ट्झ मिळाले की पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो आणि गाभ्यात फारशी सवड ठेवलेली नसेल तर ट्रान्सफॉर्मर तापतो. माझा तासाभरात हात ठेववणार नाही इतका तापत असे. त्यातच रात्री उशिरा आमच्याकडचा पुरवठा २४५ पर्यंत चढतो, म्हणजे अ‍ॅम्पला १२२ च्या वर मिळतात. अखेर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवला आणि जुना कागदात गुंडाळून ठेवून दिला, कारण उद्या विकायचा झाल्यास मूळ भागांनाच किंमत असते. एवढ्या एका बदलाने घरघर कमी झाली आणि अ‍ॅम्प तासन्‌तास निर्धास्त चालू लागला.

त्याच बैठकीत दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची लावली, अर्थिंगची तार चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) स्वतंत्र बोल्टने घट्ट केली आणि मेन्सच्या तारेतून चॅसीला जाणारा कपॅसिटर कापून टाकला. तो शॉर्ट झाला तर चॅसीत, आणि तिथून गिटारच्या तारांत, थेट मेन्स उतरू शकतो. जुन्यापणाचे कितीही प्रेम असले तरी ही वस्तू जपण्यासारखी नाही. डीसी पुरवठा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरांचा मूळ डबाही बदलला. या डब्यावर ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि अ‍ॅम्प बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो, म्हणून योग्य रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच पुढे हात घालावा.

बायस, म्हणजे पॉवर ट्यूबमधून स्थिर अवस्थेत किती प्रवाह वाहावा हे ठरवणारा व्होल्टेज, हा या मॉडेलचा दुखरा भाग. कारखान्यातून येताना तो एका ठरावीक रेझिस्टरने बांधलेला असतो, फिरवण्याची सोय नसते. त्या जागी एक छोटा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) आणि त्याच्या मालिकेत संरक्षणासाठी एक रेझिस्टर घातला, आणि दोन्ही ६व्ही६ च्या कॅथोड या टोकाला एक-एक ओहमचा रेझिस्टर जोडला, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ट्यूबच्या प्लेट या टोकावर ४१० व्होल्ट असताना मी प्रत्येक ट्यूबला २० मिलिअँपिअरच्या आसपास ठेवतो. ट्यूबच्या १२ वॅटच्या मर्यादेचे ते साधारण ७० टक्के होतात. या अ‍ॅम्पचा ट्रेमोलो (आवाज लयीत कमीजास्त करणारा परिणाम) बायसच हलवून चालतो, त्यामुळे बायस जागेवर आल्यावर ट्रेमोलोही आपोआप गहिरा झाला.

खरी परीक्षा जुलैत झाली. आतला बोर्ड मेण पाजलेल्या काळ्या फायबरचा असतो आणि वर्षानुवर्षे तो दमट हवा शोषत राहतो. मीटरचे काळे टोक चॅसीला लावून लाल टोक बोर्डावर, दोन आयलेटांच्या (तारा डाख देऊन जोडायच्या धातूच्या कड्यांच्या) मधल्या कोऱ्या जागेत टेकवले, तर तिथे काहीच दिसायला नको. माझ्या बोर्डावर काही व्होल्ट दिसत होते आणि स्पीकरमधून बारीक तडतड येत होती. बोर्ड मंद गरम हवेने वाळवला, ट्यूबच्या ग्रिडकडे (सिग्नल शिरतो त्या टोकाकडे) जाणारे जोड बोर्डावरून उचलून हवेत जोडले, आणि पहिल्या टप्प्यातले प्लेटचे कार्बन रेझिस्टर, ज्यांचा रोध ओल्या हवेने वाढत गेला होता, काढून मेटल फिल्मचे घातले. बाकीचे जुने कार्बन रेझिस्टर तसेच ठेवले, कारण ते आवाज करत नव्हते. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या एका वयस्कर कारागिरांनी सांगितले की पावसाळ्यात असा संच रोज थोडा वेळ चालू ठेवावा; आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. हा उपाय फुकटचा आहे आणि लागू पडतो.

आवाजासाठी म्हणून केलेला बदल एकच, आणि तो मी परत काढला. फेज इन्व्हर्टरला (दोन्ही पॉवर ट्यूबना परस्परविरुद्ध सिग्नल देणाऱ्या टप्प्याला) पुरवठ्याच्या वरच्या पायरीवरून जास्त व्होल्टेज दिला की आवाज उशिरा फाटतो आणि स्वच्छ वाजवायला जागा मिळते. ते घडलेही, पण आवाज चढवल्यावर हा अ‍ॅम्प जो हळुवार दबत जातो, तो गुण मात्र गेला. रंगमंचावर वाजवणाऱ्याला हा बदल उपयोगी पडेल, मला नाही. बारा इंची स्पीकरचा प्रश्न माझ्या बाबतीत उद्भवलाच नाही, कारण पुढची फळी पेटीला चिकटवलेली आहे आणि ती कापण्याची माझी तयारी नाही.

एक तक्रार उरली आहे. नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर मूळच्यापेक्षा थोडा मोठा असल्याने तळाशी असलेल्या रिव्हर्बच्या टँकमध्ये (स्प्रिंगांनी घुमारा निर्माण करणाऱ्या पेटीत) त्याची गुणगुण शिरते. टँक उलट बाजूने फिरवून तिचे आउटपुटचे टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेले, तेव्हा ती बरीच कमी झाली, पण रिव्हर्बचे बटन ५ च्या पुढे नेले की अजूनही ऐकू येते. तूर्तास मी ते ३ वर ठेवतो.