लेव्हल केलेल्या एफ-१५०ची चाकं: चार जोड्यांची पारख

फोर्ड एफ-१५० ही अमेरिकन पिकअप कारखान्यातून येते तेव्हा तिचं नाक मागच्या भागापेक्षा सुमारे दोन इंच खाली असतं. मागे माल किंवा ट्रेलर आला की गाडी सपाट व्हावी, म्हणून. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) स्पेसर बसवून हा फरक काढला, म्हणजेच गाडी लेव्हल केली, की लोक लगेच मोठ्या चाकांकडे वळतात. इथेच एक गैरसमज आड येतो. लेव्हलिंग किट उंची देतं, पण चाकाच्या खोबणीची रुंदी जिथल्या तिथेच राहते. टायर घासतो तो बहुतेक वेळा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, पुढे बंपरच्या खालच्या प्लास्टिकला किंवा मागे फेंडर लाइनरला, म्हणजे खोबणीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला. म्हणून आधी रिमचा ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर, ते; आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर) ठरवायचा आणि मग टायरचा व्यास.

रिम आणि टायरच्या चार जोड्यांची खालची पारख २०१५ पासूनच्या, १८ इंची मूळ चाकं असलेल्या गाडीसाठी आहे. मूळ रिम १८ × ७.५, ऑफसेट +४४ मिमी. टायर २७५/६५ आर१८ (रुंदी २७५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १८ इंची), व्यास ३२.१ इंच. सहा बोल्ट १३५ मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ८७.१ मिमी. स्टड एम१४ × १.५, म्हणजे १४ मिमी जाड आणि आट्यांमधलं अंतर १.५ मिमी. २०१४पर्यंतच्या गाड्यांचे आटे २.० होते, त्यामुळे जुन्या गाडीचे नट नव्या गाडीला लावायला जाऊ नका, आटे मरतात. भारतातल्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉसचं वर्तुळ १३९.७चं, त्यामुळे अमेरिकेतून कुणी स्वस्तात रिम पाठवतो म्हणाला तरी ते तिथे बसणार नाहीत.

पहिली जोडी सगळ्यात कमी खर्चाची आणि आमच्या मते बहुतेकांना पुरेशी: मूळ रिम तसेच ठेवून २७५/७० आर१८. व्यास ३३.२ इंच, म्हणजे अ‍ॅक्सलखाली १४ मिमी उंची वाढते. रुंदी तीच राहिल्याने चाक बाहेर येत नाही, दाराच्या कडेला चिखल उडत नाही. काही गाड्यांत पूर्ण वळणावर पुढच्या एअर डॅमला टायरचा खांदा जेमतेम टेकतो. त्या प्लास्टिकचा कोपरा कापला की प्रश्न मिटतो. मात्र हा टायर ७ ते ८.५ इंची रिमसाठी मंजूर आहे. बाजारात तो ९ इंची रिमवर चढवून सर्रास विकतात. बसतो, पण बाजू ताणली जाते आणि रिमची कड दगडाला उघडी पडते. घेऊ नका.

दुसरी जोडी दिसायला सगळ्यात सुंदर: रॅप्टरचे (एफ-१५०च्याच ऑफ-रोड आवृत्तीचे) काढलेले १७ × ८.५, +३४ ऑफसेटचे रिम आणि त्यावर २८५/७० आर१७. रिमची कड मूळपेक्षा सुमारे २३ मिमी बाहेर येते आणि आत फक्त ३ मिमी सरकते. टायर १० मिमी रुंद असला तरी ऑफसेट कमी असल्याने त्याची आतली बाजू मूळपेक्षा आत येत नाही. तरी वरच्या कंट्रोल आर्मजवळ (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याजवळ) बोट सहज फिरतंय ना, हे बसवताना पाहावं. रिम फोर्डचाच असल्यामुळे हबवर नेमका बसतो आणि मूळ नटही चालतात. व्यास ३२.७ इंच. टायरची भिंत उंच असल्याने कच्च्या रस्त्यावर हवा कमी करून चालवायला हीच जोडी सरस. लिफ्ट न करता रॅप्टरसारखी बैठक हवी असेल तर डोळे मिटून ही घ्यावी.

तिसरी, बाहेरच्या कंपनीचे १८ × ९, +१८ रिम आणि २८५/६५ आर१८. बाहेरची कड ४५ मिमी पुढे येते. वळताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे व्यास ३२.६ असूनही लाइनर मागे ओढून बांधावा लागू शकतो. चालण्यासारखी जोडी आहे, पण मडफ्लॅप हवेतच.

चौथी, २० × १०, −१८ रिम आणि ३३ × १२.५० आर२० (व्यास आणि रुंदी इंचांत). रस्त्यावर हीच सर्वांत जास्त दिसते आणि हीच आम्ही नाकारतो. कड ९४ मिमी बाहेर. फक्त लेव्हल केलेल्या गाडीवर कापाकापी लागणारच असं धरून चाला. व्हील बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढतं, आणि फेंडरबाहेर टायर येण्यावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंधन आहे.

टायरच्या जातीबद्दल. बीएफगुडरिच केओ२ची बाजूची भिंत दगडात उत्तम, पण झिजल्यावर ओल्या डांबरावर पकड मंदावते. रोज ऑफिस आणि हिवाळ्यात बर्फ असेल, तर फॉल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू जास्त शांत आणि भरवशाचा. दोघांवरही डोंगर आणि हिमकणाचं, म्हणजे बर्फातल्या चाचणीत उतरल्याचं, चिन्ह आहे. लोड रेंज ई (भार पेलण्याचा वर्ग; ई म्हणजे दहा-प्लाय, सी त्याहून हलका) लागतेच असं नाही. जड ट्रेलर ओढत नसाल तर दहा-प्लायचा टायर नुसतं वजन आणि हादरे वाढवतो. २८५/७० आर१७ हा माप सी रेंजमध्ये मिळाला तर आधी तो घ्या.

एलटी (लाइट ट्रक वर्गाचा) टायर घेतला की दारावरच्या स्टिकरचा ३५ पीएसआय आकडा लागू पडत नाही. तेवढ्याच हवेत एलटी टायर कमी वजन पेलतो. दुकानदाराकडून भार आणि हवेचा तक्ता मागून घ्या; रिकाम्या गाडीला साधारण ४२ ते ४५ निघतात, माल असल्यास जास्त. एक धोका लक्षात ठेवा. हवेचा इशारा देणारा दिवा जुन्या ३५च्या हिशोबाने लागतो, त्यामुळे ४५वरून उतरत गेलेली हवा तो फार उशिरा सांगतो. महिन्याला हातानेच मोजा.

२७५/७० टाकल्यावर काटा ताशी ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६२ने जात असते. फोरस्कॅन या सॉफ्टवेअरने गाडीच्या संगणकातला टायरचा घेर बदलून हे दुरुस्त होतं. मागच्या अ‍ॅक्सलचा ३.५५ गुणोत्तराचा गिअर ३.४३सारखा वागतो, हे चालतं, ३.३१चा मात्र ३.२०सारखा होतो आणि चढावर ट्रेलरसह गिअर सतत खाली येत राहतो.

क्रम असा ठेवा: आधी लेव्हलिंग, मग चाकं, मग अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी केलं तर दोनदा पैसे जातात. हेडलाइटही खाली करा, नाक वर गेल्याने समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. बाहेरच्या रिमला ६० अंशी शंकू बैठकीचे, बारीक डोक्याचे नट लागतात का, ते रिम मागवतानाच विचारा. रिमचं भोक ८७.१पेक्षा मोठं असेल तर मधे सेंटरिंग रिंग घाला, नाहीतर ६० मैलांपुढे थरथर येते आणि दोष बॅलन्सिंगला दिला जातो. नट ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने (एक झाला की समोरचा), टॉर्क रेंचने १५० फूट-पाउंडांवर, आणि १०० मैलांच्या आत पुन्हा एकदा तपासून. खाली लटकलेली स्टेपनी जुन्याच व्यासाची राहते. फोर-बाय-फोर चालू असताना ती लावून पळवू नका, डिफरन्शिअल तापतं. चार नव्या टायरांसोबत पाचवाही त्याच मापाचा घ्या, ३३ इंची टायर खाली मावतो.