मधमाशीपालनाची पुस्तकं: मधमाशीपालकांच्या क्लबच्या लायब्ररीतून आणावी की विकत घ्यावी?

मधमाश्यांची नवीन पेटी घेणारे बरेच जण यात अडकतात म्हणून लिहितोय.

खर्च बघितला तर क्लबच सरळ जिंकतो, मेंबरशिपमध्येच काम होतं, आणि राणी तयार करण्यावरची महागडी पुस्तकं एकदाच वाचायची असतील तर विकत कशाला घ्यायची.

पण माहिती किती ताजी आहे ते नीट बघा, कारण क्लबच्या कपाटात जुनी पुस्तकं असतात. अंडं घातल्यापासून राणी १६ दिवसांत, कामकरी २१ आणि नर २४ दिवसांत बाहेर येतो हे काही बदललेलं नाही, ते जुन्यातून बिनधास्त शिका. वरोआ कोळ्याचं (माश्यांना चिकटून जगणारा बारीक परजीवी) मात्र तसं नाही, तो प्रौढ माशीवर मुख्यतः तिच्या शरीरातल्या चरबीच्या पेशी खातो हे २०१९ मध्ये समोर आलं, आधीच्या पुस्तकांत रक्त शोषतो असंच सापडेल. रोग आणि औषधांसाठी नवीन आवृत्तीच हवी.

पेटीजवळ मध आणि प्रोपोलिसच्या (माश्यांनी गोळा केलेला डिंक) चिकट हातांनी उघडायचं पुस्तक स्वतःचंच असू द्या, क्लबचं खराब करू नका प्लीज.

अजून पेटी घ्यायची की नाही हेच ठरत नसेल तर क्लब पुरे. पेट्या आल्या असतील तर रोगांवरचं एक नवं पुस्तक विकत घ्या, बाकीची आणून वाचा.